खाली उभं राहायला कुणीतरी

बूसलहामला एक माणूस हवा होता, तोही तासाभरापुरता. त्या माणसाला काही येत असण्याची गरज नव्हती. दोराचं टोक हातात धरून मनोऱ्याखाली उभं राहायचं, मान वर ठेवायची, आणि वर काही बिनसलंच तर कुणाला तरी हाक मारायची, एवढंच काम. आमच्या लाराश गावातली निम्मी पुरुषमंडळी सकाळपासून कॉफीच्या एका पेल्यावर बंदराकडे बघत बसलेली असतात. तिथे असा माणूस मिळायला हरकत नव्हती. पण त्या वर्षी, हिवाळ्यातले समुद्रवारे सुटायच्या आधी, तो मिळाला नाही.

मनोरा त्याच्या अंगणात होता. लोखंडी नळ्यांचा, तिकोनी, गल्लीतल्या कुठल्याही घराच्या तिप्पट उंच. टेलिफोनच्या तारा ओढायच्या नोकरीत असताना त्याने तो तुकड्यातुकड्याने स्वतः जोडला होता. वर आडव्या दांड्यांची अँटेना, माशाच्या काट्यासारखी, आणि ती फिरवायला एक मोटर. खोलीत बसून तो एक चकती फिरवायचा आणि वर तो काटा सावकाश वळायचा. कधी ब्राझीलकडे, कधी फिनलंडकडे, कधी जपानकडे. मग माइक हातात घेऊन तो कोणीही असेल त्याला हाक मारायचा. हौशी रेडिओवाल्यांचं हे असंच असतं. त्यांना कुणाला काही सांगायचं नसतं. कुणी आहे का, एवढंच विचारायचं असतं.

तामू लग्न होऊन आली तेव्हा मनोरा अर्धा झालेला होता. तिने विचारलं, "मशीद बांधतोयस का?"

तो नाही म्हणाला.

"मग एवढ्या वरून हाक कुणाला मारणार?"

"जो ऐकेल त्याला."

"मी तर इथेच आहे," तामू म्हणाली आणि चहाचं पाणी ठेवायला आत गेली.

हे तो आम्हाला कॉफीखान्यात सांगायचा तेव्हा हसायचा. ती गेल्यावर सांगेनासा झाला.

मनोरा उभा करणं सोपं, उभा ठेवणं कठीण, असं तो म्हणे. समुद्र हाकेच्या अंतरावर. हवेत मीठ. दर वर्षी उन्हाळा संपला की तो वर चढायचा, एकेक बोल्ट हाताने चाचपायचा, गंज खरवडून रंग लावायचा, आणि मनोऱ्याला तीन दिशांनी धरून ठेवणारे तारांचे तणावे तपासायचा. चढायची त्याची रीत ठरलेली होती. कमरेला जाड पट्टा, पट्ट्याला दोन हूक. एक लावल्याशिवाय दुसरा सोडायचा नाही. आणि खाली माणूस असल्याशिवाय पहिल्या आडव्या नळीवर पायसुद्धा ठेवायचा नाही. नोकरीत असताना त्याचा एक सोबती कस्र-अल-कबीरच्या रस्त्यावर एकटाच खांबावर चढला होता. दुसऱ्या दिवशी सापडला. बूसलहाम म्हणे की तो पडून मेला नव्हता, वाट बघून मेला होता.

म्हणून तामू खाली उभी राहायची. वर कप्पी, कप्पीतून दोर, दोराचं टोक तिच्या हातात. वारा असला की आवाज पोचत नाही, म्हणून खुणा ठरलेल्या होत्या. एक हिसका म्हणजे पाठव, दोन म्हणजे थांब. ती पाना पाठवायची, रंगाचा डबा पाठवायची, एकदा उकडलेलं अंडं पाठवलं होतं. कधी काम नसतानाही खालून एक हिसका यायचा. तो ओरडून विचारायचा, काय झालं? ती ओरडून सांगायची, काही नाही, आहेस ना ते बघितलं.

रेडिओवर मात्र ती जन्मात एक शब्द बोलली नाही. ज्याचं तोंड दिसत नाही त्याच्याशी काय बोलायचं, असं तिचं म्हणणं.

पश्चिमेचा तणावा शेजारच्या लाल्ला बतूलच्या, म्हणजे बतूलबाईंच्या, अंगणात उतरायचा. बूसलहामचं अंगण त्या बाजूला पुरत नव्हतं, तेव्हा तामूनेच बतूलकडे शब्द टाकून तिच्या अंजिराखाली काँक्रीटचा गोळा पुरून घेतला होता. बतूल विधवा, वयाने दोघांपेक्षा मोठी, तोंडाने गल्लीत सगळ्यांपेक्षा मोठी. तिने जागा दिली, पण तारेचा मोबदला तारेतूनच घेतला. बकरी ईद झाली की आमच्याकडे मांसाच्या पट्ट्या कापून, मीठ-मसाला चोळून, दोरीवर वाळत घालतात. गद्दीद म्हणतात त्याला. दोरीवर मांजरं चढतात. बतूलच्या लक्षात आलं की ही तिरकी तार उन्हात आहे, वाऱ्यात आहे, मांजराला चढता येत नाही, आणि फुकट आहे. पहिल्याच ईदला तिने शिडी लावून आपल्या पट्ट्या तारेवर टांगल्या. तामूने आपल्या पट्ट्या तिच्या शेजारी टांगल्या. दोघी शिडीच्या दोन अंगांना उभ्या राहून हसत होत्या, आणि बूसलहाम भिंतीवरून बघत होता.

तार मिठाने खाल्ली जाते, हे त्याला ठाऊक होतं. एकदा बोललाही. तामू म्हणाली, वर्षभर समुद्र मीठ फेकतो त्याला काही म्हणत नाहीस, आम्ही आठ दिवस टांगलं तर तुझा मनोरा पडतो का? त्याने पुन्हा विषय काढला नाही. दर ईदला ती तार लाल व्हायची आणि घरात मिरी-धण्याचा वास यायचा. काही गोष्टी माणूस कळत असूनही सोडून देतो.

मग करकोचे आले.

करकोचा आमच्याकडे पाहुणा नाही, हाजी आहे. लांबच्या कुठल्या तरी देशातला माणूस पक्षी होऊन आलेला, असं म्हातारी माणसं सांगतात. त्याचं घरटं मोडत नाहीत. किल्ल्याच्या भिंतीवर, पडक्या चर्चवर, दिव्याच्या खांबावर, जिथे बांधेल तिथे बांधू देतात. त्या वसंतात एका जोडीने बूसलहामचा मनोरा निवडला. अगदी शेंड्यावर, अँटेनाच्या वर. घरटं म्हणजे दोन-चार काड्या नव्हेत. वर्षावर्षाला वाढत जाणारा गाडीभर लाकूडफाटा असतो. मोटर फिरणार नाही, वजन वाढेल, वाऱ्याला पकड मिळेल. बूसलहामने गल्लीत सांगितलं, तणावा बघायला वर चढतोय. वर जाऊन काड्या खाली टाकल्या. करकोच्यांनी पुन्हा आणल्या. तो पुन्हा चढला. दुसऱ्या वेळी बतूल अंजिराखाली उभी होती आणि तिच्या अंगणात काड्या पडत होत्या.

तामू दोर धरून होती. तिने दोन हिसके दिले.

त्याच महिन्यात ती आजारी पडली, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी गेली. मयतीच्या तिसऱ्या दिवशी बायकांच्या घोळक्यात बतूल म्हणाली, याने हाजीचं घर मोडलं, आता बघा. हे तिने एकदाच म्हटलं. पण आमची गल्ली लहान आहे. शिवाय बतूलने शपथ घेतली की या माणसाशी आपण यापुढे बोलणार नाही. ती तिने अक्षरशः पाळली. काही सांगायचंच झालं तर ती कोंबडीला सांगायची, भिंतीपलीकडे ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

बूसलहामला ते पटलं होतं की नव्हतं, कोण जाणे. पण तो पुन्हा काड्या टाकायला चढला नाही. घरटं वाढत गेलं. ऑगस्टात करकोचे जातात. ही जोडी गेली नाही. गावाबाहेरच्या कचऱ्याच्या ढिगावर त्यांचं बारा महिने भागायला लागलं होतं. दुसऱ्या वर्षीही राहिली. काड्या अँटेनाच्या दांड्यांत गुंतल्या, आणि बूसलहामने मोटरची तारच काढून ठेवली, चुकून चकती फिरू नये म्हणून. अँटेना जिथे शेवटची वळवलेली होती तिथेच राहिली. पूर्वेकडे, जराशी दक्षिणेला.

त्या दिशेला, हद्दीपलीकडच्या देशात, बिस्क्रा आहे, आणि बिस्क्रात स्लिमान होता.

पाणी उपसायच्या पंपांवर काम करून निवृत्त झालेला, खजुराच्या बागांत वाढलेला माणूस. दोघे पूर्वीपासून अधूनमधून बोलायचे. आता जग एका रेषेएवढं उरल्यावर रोज बोलू लागले. तोंड कधी बघितलेलं नाही. रेडिओवर राजकारण बोलायचं नाही हा या लोकांचा दंडक, आणि तो दोघे कडक पाळत. दोन देशांमधली हद्द बंद होती. स्लिमान म्हणायचा, तुझ्या हातचा चहा प्यायला यायला हवं, पण रस्ता लांब आहे. बूसलहाम म्हणायचा, हो, रस्ता लांब आहे. हद्दीचं नाव त्यांनी कधी काढलं नाही. स्लिमानची एक तक्रार मात्र रोजची होती. तुझा आवाज हल्ली बारीक झालाय, भावा. बूसलहाम त्याला सांगायचा की पक्ष्यांचे पाय लोखंडाला लागलेले असतात, म्हणून मी रेडिओच्या विजेचा जोर कमी ठेवतो.

त्या वर्षी उन्हाळा संपताना तो भिंतीवरून वाकून पश्चिमेचा तणावा चाचपत होता. तार हाताला खरखरीत लागली. अंगठ्याने दाबली तर एक पदर तुटून वर आला, कोरड्या गवतासारखा. त्याने आणखी वर हात नेला. जिथे जिथे ईदच्या पट्ट्या टांगल्या जात, तिथे तिथे जस्ताचा मुलामा गेलेला होता आणि आतली तार तपकिरी भुगा होत चालली होती. आमच्याकडे हिवाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो. हाच तणावा त्या वाऱ्याला तोंड देतो. तो तुटला तर मनोरा पूर्वेला पडणार, म्हणजे त्याच्या खोलीवर, आणि खोली ओलांडून गल्लीतल्या भट्टीवर, जिथे बायकापोरं रोज पाव भाजायला आणतात. घरट्यासकट.

मनोरा उतरवावा तर घरटं मोडतं. तसाच ठेवावा तर वारा मोडतो. तारेला मध्येच सांधा देणं त्याच्या शिस्तीत बसत नव्हतं. तणावा बदलायचा तर अखंड, वरपासून खालपर्यंत. म्हणजे वर चढणं आलं, अगदी घरट्याच्या खालच्या कडीपर्यंत. आणि चढणं आलं म्हणजे खाली माणूस आला.

त्याने आधी आपल्या जुन्या सोबत्याला विचारलं. तो मुलीकडे तँजिअरला राहायला गेला होता. मग भट्टीवाल्या हम्मादला विचारलं, कारण मनोरा पडणार होता तो त्याच्याच भट्टीवर. हम्माद पीठ झटकत, नावाआधी अदबीचा 'सी' लावून म्हणाला, "घरट्याला हात लावायचा असेल तर मला बोलावू नकोस, सी बूसलहाम. मला पोरंबाळं आहेत."

"घरट्याला नाही. तणावा बदलायचाय."

"मागच्या वेळीही तणावाच म्हणाला होतास."

तो भट्टीतून बाहेर पडला. कॉफीखान्यात त्याने आणखी दोघातिघांना विचारलं. कुणाची पाठ दुखत होती, कुणाला चक्कर यायची. दोर धरायला चक्कर कसली येते, हे त्याने विचारलं नाही. आपलं नाव वाईट झालंय हे माणसाला नकारावरून कळत नाही. नकाराबरोबर जो चहा पाजतात त्यावरून कळतं.

शेवटी तो भिंतीपाशी उभा राहिला आणि लाल्ला बतूलला हाक मारली. तिच्या अंगणात नव्या तारेचं टोक बांधायला यावं लागेल, परवानगी द्या, म्हणाला. बतूल कोंबडीपुढे दाणे टाकत होती.

"ऐकलंस का गं," ती कोंबडीला म्हणाली, "दाराला कडी नसते म्हणावं. फक्त अंजिरं तुडवू नयेत म्हणावं."

तो तिथेच घुटमळला. मग म्हणाला, "लाल्ला, तासभर दोर धराल का? तामू धरायची तसा."

बतूलने मूठ रिकामी केली, हात झटकले. कोंबडीकडे बघत राहिली.

"ज्याने हाजीचं घर मोडलं त्याचा दोर कोण धरील, तूच सांग," ती म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, वारा पडलेला असताना, त्याने दोराचं खालचं टोक जमिनीतल्या कडीला बांधलं आणि आयुष्यात पहिल्यांदा एकटा चढला. निम्म्या उंचीवर गेल्यावर सवयीने दोराला एक हिसका दिला. दोर ताठ झाला आणि थांबला. खालून काही आलं नाही. येणार नव्हतंच. तो तिथेच नळीला मिठी मारून राहिला. खाली अंगण होतं, अंगणात कडी होती, कडीला गाठ होती. हूक एकेक करत तो खाली उतरला आणि उरलेला दिवस खोलीत बसून राहिला.

स्लिमानला त्याने हे सगळं सांगितलं.

"माझा बाप खजुरावर चढायचा," स्लिमान मग म्हणाला. "अनवाणी. मी खाली. तो वरून सारखा काहीतरी बोलायचा, आणि मी खालून हुंकार द्यायचा. मी कंटाळून गप्प झालो की वरून शिव्या. म्हणायचा, गाढवा, तुझा आवाज आला नाही तर मला जमीन कुठे आहे ते कसं कळणार?"

"मग?"

"मग काय. मी येऊ शकत नाही, रस्ता लांब आहे. पण आवाज तर येतो."

त्यांनी ठरवलं ते असं. बूसलहाम खिडकीत लाउडस्पीकर ठेवील. माइकची वायर उपटून खिशात घालून वर जाईल, म्हणजे तो अँटेनाशेजारी असताना चुकूनही त्यातून वीज जाणार नाही. स्लिमान बिस्क्राहून बोलत राहील, तासभर, उत्तराची वाट न बघता. बूसलहाम उतरला की वायर जोडून सांगेल, उतरलो. तास संपल्यावर अर्ध्या तासात तसा आवाज आला नाही, तर स्लिमान फोन करील. फोन त्या ओळीत एकाच घरात होता, मुलांनी स्पेनहून बसवून दिलेला, बतूलकडे. बूसलहामने नंबर सांगितला. तिला मात्र काही सांगितलं नाही.

"माझं बोलणं तू ऐकणार, तुझं मला ऐकू येणार नाही," स्लिमान म्हणाला. "लग्नासारखंच झालं की हे."

दिवस ठरला तो शांत होता. लुकोस नदी काचेसारखी पडलेली. बूसलहामने नवी तार खांद्यावर घेतली, कमरेचा पट्टा दोनदा ओढून बघितला आणि पाय ठेवला. खिडकीतून स्लिमान बोलायला लागला. आधी हवामान. मग पंपाचा नवा मुकादम किती मूर्ख आहे ते. मग या वर्षीच्या खजुराचं. मध्येच तो म्हणायचा, आता तू पहिल्या तणाव्याशी असशील, जरा दम खा. बूसलहाम तेव्हा त्याच्या कितीतरी खाली असायचा. मग स्लिमान म्हणायचा, हां, आता हूक बदल, घाई करू नकोस. आणि बूसलहाम केव्हाच वर गेलेला असायचा. हजार किलोमीटरवरून एक माणूस त्याला चढवत होता आणि दर वेळी चुकीच्या जागी उभा करत होता. तरी बरं वाटत होतं. बूसलहाम मनातल्या मनात हुंकार देत होता.

वर गेल्यावर त्याने आधी तात्पुरता दोर बांधला, जुन्या तारेच्या शेजारून, म्हणजे मनोरा क्षणभरही त्या बाजूने मोकळा राहू नये. करकोच्याची मादी घरट्यात उभी होती, हातभर अंतरावर. उडाली नाही. एक पाय पोटाशी घेऊन तिने त्याच्याकडे तिरकं बघितलं. त्याने तिच्याकडे बघितलं नाही. डोक्याच्या वर काड्यांचा तो केवढा ढीग होता; त्यात चिंध्या होत्या, प्लास्टिकचे तुकडे, माशाच्या जाळ्याची सुतळी. आणि एक दोरी होती, मिठाने कडक झालेली, तांबूस, जिच्यावर मांसाच्या पट्ट्या ओवतात. तिच्या टोकाला गाठ होती, डावीकडून मारलेली. सगळ्या बायका ती गाठ उजवीकडून मारतात. तामू डावखुरी होती.

त्याने हात वर केला. मादीने मान मागे टाकून चोच वाजवली, कोरडं लाकूड आपटावं तशी. हात खाली आला.

याच सुमाराला स्लिमानचा आवाज पातळ व्हायला लागला. लाटा येतात तसा एकदा वर आला, "ऐक, तुला एक सांगायचं होतं" एवढं स्पष्ट आलं, आणि मग खरखरीत बुडाला. दुपारकडे असं होतं. आभाळ आवाज परत द्यायचं बंद करतं. बूसलहाम कान देऊन थांबला. खरखरीच्या तळाशी कुणीतरी बोलत होतं, किंवा बोलत नव्हतं. खिडकीतून समुद्रासारखा एकसारखा आवाज येत राहिला, आणि पलीकडे खरा समुद्र होताच. त्याने नवी तार कडीतून ओवली, क्लॅम्प बसवले, नटं आवळली, पुन्हा आवळली. त्या उंचीवर त्याच्याशिवाय फक्त तो पक्षी होता, आणि पक्ष्याला त्याच्याशी काही कर्तव्य नव्हतं.

उतरून त्याने वायर जोडली आणि हाक मारली. खरखर. पुन्हा मारली. बिस्क्रा गेलं होतं. संध्याकाळपर्यंत यायचं नाही. आता अर्ध्या तासाने बतूलच्या घरात फोन वाजणार होता, आणि काम अजून अर्धं होतं. त्याने नव्या तारेचं खालचं टोक घेतलं आणि तिच्या अंगणाचं दार ढकललं.

अंजिराखाली तो गुडघ्यांवर बसला. हातओढ नावाच्या दांड्याच्या हत्याराने तार खेचून ताणत आणली. वर घरटं किंचित हललं आणि स्थिर झालं. एका हातात हातओढीचा दांडा, दुसऱ्या हातात तारेचं शेपूट, क्लॅम्प अजून मोकळे. आता सोडलं तर सगळा ताण एकदम सुटला असता. तेव्हाच आत फोन वाजला.

बराच वेळ वाजला. मग बतूलचा आवाज, मग शांतता, मग खिडकी उघडली. फोनची दोरी पूर्ण ताणून बतूल उभी होती. तिने अंगणात बघितलं. कोंबडी समोरच होती. बतूलने कोंबडीकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं.

"बूसलहाम," ती म्हणाली. दीड वर्षात पहिल्यांदा. "कुणी परमुलुखातला माणूस विचारतोय, तू जिवंत आहेस का म्हणून. काय सांगू?"

"सांगा, आहे."

"आहे," तिने फोनमध्ये सांगितलं. "माझ्या अंगणात आहे. अंजिरं तुडवतोय." ऐकलं. "विचारतोय, पक्षी आहे का?"

"आहे. घरटंही आहे. हात लावला नाही."

बतूलने मान वर केली आणि डोळ्यांवर आडवा हात धरून शेंड्याकडे बघितलं. मादी उभी होती.

"आहे," ती फोनमध्ये म्हणाली, हळू. "मी बघतेय ना. आहे." मग पुन्हा ऐकत राहिली. "हा काहीतरी वेगळंच विचारतोय. म्हणतो, माझं बोलणं कुठपर्यंत ऐकू आलं?"

बूसलहामच्या हातात तार थरथरत होती. नव्या तारेचा एक सूर असतो, ताण बरोबर आला की लागतो. तो त्याने ऐकला.

"सांगा, शेवटपर्यंत," तो म्हणाला.

बतूलने सांगितलं. मग फोन कानाशी आणखी दाबून धरला.

"रडतोय की लाईन खराब आहे, कळत नाही," ती म्हणाली. मग म्हणाली, "म्हणतो, शेवटी जे बोललो ते तुझ्यापाशीच ठेव. कुणाला सांगू नकोस. आणि पुन्हा विषय काढू नकोस म्हणतो."

बूसलहामने तोंड उघडलं. खिडकी पाच पावलांवर होती. हातातलं सोडून जाता येत नव्हतं, आणि आता विचारताही येत नव्हतं.

"सांगा, बरं," तो म्हणाला.

फोन ठेवून बतूल बाहेर आली. त्याच्या समोर उकिडवी बसली आणि न विचारता तारेचं शेपूट दोन्ही हातांनी घट्ट धरलं. तो नटं आवळायला लागला. "दोर धरणार नाही असं मी कोंबडीला सांगितलं होतं," ती म्हणाली. "ही तार आहे." शेवटचा नट बसल्यावर ती उठली, हाताचा गंज ओढणीला पुसला, आणि विचारलं की मग पुढच्या ईदला पट्ट्या टांगायच्या कुठे. तो म्हणाला, माझ्या अंगणात दोरी बांधून देतो. मांजरांचं काय, ती म्हणाली. बघू, तो म्हणाला. एवढं बोलून दोघांचं बोलणं संपलं.

मनोरा त्या हिवाळ्यात हलला, पण पडला नाही. करकोच्यांची तिसरी वीण त्यावरच झाली. बतूल त्याच्याशी बोलते आता, कोंबडीशी बोलायची तेवढंच. आणि वर्षातून एकदा, तो चढतो तेव्हा, खाली पाटावर बसून दोराचं टोक धरते. वर बघत नाही. वर बघितलं की तिला चक्कर येते. हिसके ती ओळखत नाही, म्हणून तो देत नाही.

बिस्क्राहून आवाज नंतरही रोज यायचा. स्लिमान आता पूर्वीपेक्षा मोकळा बोलायचा, ज्याला आपलं सगळं ठाऊक आहे अशा माणसाशी बोलतात तसा. मध्येच म्हणायचा, तुला माहितीच आहे. बूसलहाम म्हणायचा, हो. मग तो माइकचं बटण सोडायचा आणि आवाज थोडा वाढवून खरखरीत कान लावून बसायचा, स्लिमान पुढे काही बोलतो का ते ऐकत.